दवाखान्याची फाईल : कुलूप कोणाचे आणि किल्ली कोणाकडे?



या पानावर एरवी आम्ही बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांच्याबद्दल लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे. तो आम्ही शोधून काढलेला नाही, सभासदांनीच आमच्या गळ्यात घातलेला आहे. ऊसनोंदीसाठी गावोगाव फिरताना गट ऑफिसच्या ओट्यावर एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "साहेब, ते आभा कार्ड काढा म्हणत्यात. चौदा आकडी नंबर देत्यात. काढावं का नको? उद्या आमचं दुखणंखुपणं सगळ्या गावाला कळायचं!" त्यातच कुणाचा तरी शिकलेला मुलगा मोबाईलवर पाहून सांगतो, की आता सगळे ब्लॉकचेनमध्ये जाणार, तेव्हा काळजीचे कारण नाही. बापाला आभा कळत नाही, मुलाला ब्लॉकचेन कळत नाही आणि मध्ये शेतकी खाते सापडते.

आम्ही डॉक्टर नव्हे आणि संगणकवालेही नव्हे. पण नोंदी, पावत्या आणि त्यांवरून होणारी भांडणे यांत आमची उमेदीची वर्षे गेली आहेत, आणि हा विषय मुळात नोंदीचाच आहे. म्हणून जेवढे नीट समजून घेता आले तेवढे येथे सांगत आहोत.

प्रथम हे पाहू, की दवाखान्याच्या कागदांनी प्रवास का करावा. आपल्याकडचा पेशंट तालुक्याला दाखवतो, तिथून मिरजेला किंवा पुण्याला जातो. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात दुमडलेले एक्स-रे, अर्धवट पुसलेल्या चिठ्ठ्या आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत याचा पत्ता नाही. नवा डॉक्टर सगळ्या तपासण्या पुन्हा करायला सांगतो. त्यात पैसा जातो तो जातोच, पण दिवस जातात ते जास्त महाग पडतात. तोडणीसाठी बीडकडून येणाऱ्या मजुरांचे हाल तर याहून वाईट. पाच-सहा महिने टोळी इकडे असते आणि पोराच्या लसीकरणाचा कागद तिकडे गावाकडे पत्र्याच्या पेटीत. बाळंतपण अवघडले तर पूर्वीच्या तपासण्यांचे काहीच हाताशी नसते. फाईल माणसाच्या मागे फिरली तर जीव वाचतो, यात शंका नाही.

पण फाईलने कोणाकडेही फिरू नये, हेही तितकेच खरे. घरात क्षयाचा पेशंट आहे, कुणी मानसिक आजारावर औषध घेते, कुणाची पिशवी काढलेली आहे, ही माहिती सोयरीक मोडायला पुरते. विमा एजंटाला ती हवी असते, कर्ज देणाऱ्याला हवी असते, आणि निवडणुकीच्या दिवसांत तर काही विचारूच नका. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा कायदाच सांगतो, की संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवाय ती माहिती उघड करावयाची नाही. हा प्रश्न उगाच शंका काढणाऱ्यांचा नाही. ओट्यावर बसलेला तो सभासद बरोबर जागी बोट ठेवत होता.

माहितीवर दोन प्रकारची संकटे येतात. ती वेगवेगळी ओळखली पाहिजेत, कारण औषधही वेगवेगळे आहे.

पहिले संकट दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी आले. बाहेरच्या चोरांनी संगणकात शिरून तिथल्या फायलींनाच स्वतःचे कुलूप ठोकले. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती अशी कुलूपबंद झाली. देशातले सर्वांत नावाजलेले रुग्णालय कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहीत होते. ओपीडीच्या मुख्य प्रणालीची माहिती एका वेगळ्या, न बिघडलेल्या सर्व्हरवर प्रतीच्या रूपाने होती, म्हणून ती परत मिळाली. म्हणजे फाईल गोठली होती आणि दुसऱ्या प्रतीने तारले.

दुसरे संकट फिनलंड देशातले, आणि आम्हांला ते अधिक भयंकर वाटते. व्हास्तामो नावाची मानसोपचाराची केंद्रे चालवणारी एक खाजगी कंपनी तिथे होती. पेशंट डॉक्टरपाशी जे बोलले, ते टिपणांच्या रूपाने संगणकात होते आणि त्याला धड कुलूप नव्हते. चोराने ते उचलले. २०२० मध्ये त्याने कंपनीकडे ४० बिटकॉइनची खंडणी मागितली. ती मिळेना, तेव्हा एकेका पेशंटला पत्र पाठवले : दोनशे युरो टाका, नाहीतर तुमची टिपणे जगजाहीर करतो. काहींची केलीही. हजारो माणसे यात भरडली गेली आणि कंपनी पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. येथे फाईल फुटली होती. गोठलेली फाईल दुसऱ्या प्रतीवरून परत उभी करता येते, फुटलेली फाईल परत गुपित करता येत नाही. सांडलेला रस भांड्यात भरता येत नाही, तसे.

कुलपाची गोष्ट

फुटण्यावरचे औषध म्हणजे कुलूप. संगणकाच्या भाषेत याला एन्क्रिप्शन म्हणतात. मजकुराची अक्षरे एका गणिताने अशी उलटीपालटी करायची, की किल्ली नसलेल्याला नुसता भुसा दिसावा. किल्ली असलेल्याने तेच गणित उलटे चालवले, की मजकूर जसाच्या तसा परत. किल्ली म्हणजे लोखंडाचा तुकडा नव्हे, एक खूप मोठी संख्या असते. हल्लीच्या चांगल्या कुलपाची किल्ली अंदाजाने शोधायची तर जगातले सगळे संगणक एकत्र आणून जन्मभर चालवले तरी पुरणार नाहीत.

अडचण कुलपाची नव्हती, किल्ली पोचवण्याची होती. मिरजेच्या डॉक्टरला आमची फाईल कुलूप लावून पाठवली, पण किल्ली कशी पाठवायची? ती वाटेत कुणी पाहिली तर कुलपाचा उपयोग काय? हा पेच फार जुना. १९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी त्यातून वाट काढली. त्यांच्या कल्पनेतून पुढे जी जोडकिल्लीची पद्धत निघाली, ती समजायला टपालपेटी डोळ्यासमोर आणावी. पेटीत पत्र कोणीही टाकू शकतो, तिचे तोंड सगळ्यांना उघडे आहे. पण टाकलेले पत्र बाहेर काढायचे तर पोस्टाच्या माणसाचीच किल्ली लागते. तसे प्रत्येकाचे दोन भाग : एक उघडा, जो जगाला खुशाल द्यावा, आणि एक खाजगी, जो स्वतःपाशी राहावा. उघड्या भागाने बंद केलेले फक्त खाजगी भागानेच उघडते. मिरजेचा डॉक्टर आपली 'पेटी' आमच्याकडे पाठवतो, आम्ही तिच्यात फाईल टाकतो. वाटेत कुणी पेटी पळवली तरी त्याच्या हाती भुसाच.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हे कुलूप वाटेवरचे आहे. तुमच्या मोबाईलमधल्या व्हॉट्सॲपलाही २०१६ पासून अशाच जातीचे कुलूप आहे, मधला कोणी वाचू शकत नाही. तरीसुद्धा रक्ताचा रिपोर्ट भावकीच्या ग्रुपवर पडलेला आपण पाहतोच. कारण तो वाटेत फुटत नाही, पोचल्यावर फुटतो. ज्याला पाठवला त्यानेच पुढे ढकलला तर त्याला गणित काय करणार? दवाखान्याच्या काउंटरवर स्क्रीन उघडी टाकून चहाला गेलेला कारकून हे कुठल्याही चोरापेक्षा मोठे भोक आहे.

मागील पानावरून पुढे

आता साखळीकडे येऊ. ब्लॉकचेन म्हणजे काय, तर एक अशी वही, की जिच्यातली जुनी नोंद गुपचूप बदलता येत नाही. बस्स, एवढेच. बाकीचा सगळा गाजावाजा.

आपली खतावणी डोळ्यासमोर आणा. प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून' असे लिहून मागची बेरीज घेतलेली असते. तिसऱ्या पानावरचा आकडा कुणी खोडून बदलला, तर चौथ्या, पाचव्या आणि पुढच्या प्रत्येक पानाची बेरीज चुकते आणि लबाडी उघडी पडते. ब्लॉकचेनचे मर्म हेच. प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण असते, म्हणून ती साखळी.

पण बेरजेत एक खोट आहे, आणि ती आमच्यापेक्षा आमच्या सभासदांना जास्त ठाऊक आहे. एका ओळीत दहा वाढवले आणि दुसरीत दहा कमी केले, की बेरीज तीच राहते. म्हणून संगणकवाले बेरीज घेत नाहीत, 'हॅश' घेतात. आपण त्याला मजकुराचा ठसा म्हणू. अंगठ्यावरून माणूस ओळखता येतो, पण अंगठ्याच्या ठशावरून माणूस घडवता येत नाही, तसे. 'शा-२५६' नावाची पद्धत सर्रास वापरतात. तिला एक ओळ द्या नाहीतर दोनशे पानांची फाईल द्या, ठसा बरोबर ६४ अक्षरांचाच निघतो. फाईलमध्ये साखर १४० च्या जागी २४० केली, नुसता एक आकडा, तर ठसा पार बदलतो. पूर्वीच्या ठशाशी त्याचे काही साम्य उरत नाही. दोन वेगळ्या मजकुरांचा एकच ठसा आजवर कोणाला या पद्धतीत काढून दाखवता आलेला नाही.

दुसरा भाग प्रतींचा. काट्यावर वजन झाले, की पावतीची एक प्रत कारखान्यात, एक सभासदाकडे, एक वाहनवाल्याकडे राहते. आमच्या दप्तरात कुणी दीड टन कमी केला तरी तुमच्या खिशातली पावती बोलते. ब्लॉकचेनमध्येही वहीच्या प्रती अनेक ठिकाणी, अनेक वेगवेगळ्या मालकांकडे असतात. एकाने आपली प्रत बदलली तर बाकीच्या तिला खोटी ठरवतात.

ही युक्ती बिटकॉइनबरोबर जन्मली असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. १९९१ साली स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन शास्त्रज्ञांनी संगणकातल्या कागदावर तारखेचा असा शिक्का कसा मारावा, की तो मागाहून बदलता येऊ नये, हे मांडले. पुढे १९९५ पासून त्यांच्या कंपनीने आठवड्याचा एकत्रित ठसा न्यूयॉर्क टाइम्स वर्तमानपत्रात छापायला सुरुवात केली, तोही हरवले-सापडले आणि नोटिसांच्या रकान्यात! आपल्याकडे जमीन घेण्यापूर्वी वकील जाहीर नोटीस देतात, त्यातलाच प्रकार. हजारो घरांत पोचलेल्या अंकाची प्रत कोण कोण बदलत बसणार? बिटकॉइन त्यानंतर आले. त्याचा आराखडा २००८ सालचा, आणि त्यात या दोघांच्या लेखांचा आधार दिलेला आहे. हे सांगण्याचे कारण एवढेच, की 'ब्लॉकचेन' म्हणून कुणी तुम्हांला नाणी विकायला आला तर त्याचा आणि या वहीचा संबंध काही नाही. दामदुपटीची भाषा ऐकली, की उठून जावे.

आता मुलाचे म्हणणे तपासू. 'ब्लॉकचेनमध्ये गेले, की माहिती सुरक्षित.' हे अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे धोक्याचे आहे. साखळी लपवत नाही, ती साक्ष देते. लपवायचे काम कुलपाचे. ज्या वहीच्या प्रती अनेकांकडे आहेत तिच्यात 'अमक्याला क्षय आहे' असे लिहिले, तर ते अनेकांनी वाचले. वर ते कधीच खोडता येणार नाही, कारण न खोडता येणे हाच तर तिचा गुण. कुलूप लावून लिहिले तरी आम्हांला ते पटत नाही. आजचे कुलूप वीस वर्षांनी टिकेल याची हमी कोण देणार? म्हणून जाणकार लोक आजार साखळीत घालत नाहीत. फाईल दवाखान्यातच राहते, कुलपात. साखळीत जातो तो फाईलचा ठसा, आणि कोणी, कधी, कोणाच्या परवानगीने ती उघडली याची नोंद.

ठशाच्या बाबतीतही एक खाचखळगा आहे. मोठ्या फाईलचा ठसा पाहून फाईल कळत नाही हे खरे. पण दहा आकडी मोबाईल नंबराचा नुसता ठसा काढला, तर एखादा संगणक सगळे संभाव्य नंबर एकामागून एक घालून पाहतो आणि थोड्याच वेळात जुळणारा सापडवतो. 'रोग आहे' किंवा 'नाही' याचा ठसा काढला तर दोनच शक्यता, शाळकरी पोरही ओळखेल. म्हणून ठसा काढण्यापूर्वी त्यात एखादी गुप्त, अंदाज न करता येणारी संख्या मिसळतात. ज्याने ती मिसळली नाही त्याने काम कच्चे केले असे समजावे.

आणि काटाच चुकीचा असेल तर पावती कितीही पक्की असून उपयोग काय? रक्तगट नोंदवतानाच चुकला, तर साखळी ती चूकही तेवढ्याच इमानाने जपेल. नोंद बदलली नाही एवढेच ती सिद्ध करते, नोंद बरोबर होती हे सिद्ध करत नाही. आमच्या मते या विषयावरच्या जाहिरातींत हे वाक्य कधी सापडत नाही.

एस्टोनियाने काय केले

हे सारे प्रत्यक्षात चालवून दाखवणारा देश म्हणजे युरोपातील एस्टोनिया. वस्ती जेमतेम तेरा-चौदा लाख, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. २००७ साली या छोट्या देशाच्या बँका, वर्तमानपत्रे आणि सरकारी खाती यांवर संगणकाच्या मार्गाने मोठा हल्ला झाला. तेव्हापासून त्यांनी एक प्रश्न मनावर घेतला : उद्या कुणी आत शिरून नोंदी बदलल्या, तर त्या बदलल्या हे आपल्याला कळणार कसे?

२००८ च्या अखेरीस त्यांनी देशभराची आरोग्यनोंद सुरू केली, २०१० मध्ये औषधाची चिठ्ठी संगणकावर आणली. २०१६ मध्ये तिथल्या ई-आरोग्य संस्थेने गार्डटाइम या कंपनीशी करार केला. त्या कंपनीची साखळी आरोग्यनोंदींच्या रखवालीला लावायची, असा तो करार. आजार साखळीत नाहीत, फक्त ठसे आहेत. आणि ही कंपनीही आपला एकत्रित ठसा वर्तमानपत्रात छापते, फायनान्शियल टाइम्समध्ये. तीच जुनी जाहीर नोटीस.

आम्हांला त्यांच्याकडची सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट साखळी नव्हे. तिथला कोणताही नागरिक आपल्या ओळखपत्राने आत जाऊन पाहू शकतो, की आपली फाईल कोणत्या डॉक्टरने, कोणत्या दिवशी उघडली. विनाकारण उघडलेली दिसली तर जाब विचारता येतो. एखादी नोंद डॉक्टरांपासून झाकूनही ठेवता येते. आपल्या गावात कोणाच्या सातबाऱ्याचा उतारा कोणी काढला हे मालकाला कळत नाही, त्याच्या शेजारी हे ठेवून पाहावे.

तिथेही सगळे सुरळीत गेले असे नाही. २०१७ मध्ये त्यांच्या ओळखपत्रातल्या चिपमध्ये दोष निघाला. सुमारे साडेसात लाख कार्डांच्या किल्ल्या कच्च्या ठरल्या. नोव्हेंबरमध्ये त्या थांबवून नव्याने भराव्या लागल्या. साखळी शाबूत होती, किल्लीत बिघाड होता. कुलूप कधी ना कधी जुने होतेच, हे धरूनच व्यवस्था करावी लागते.

आपल्याकडे आभा

आता ओट्यावरच्या मूळ प्रश्नाकडे. आपल्या देशात आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. आभा हा त्यातला चौदा आकडी नंबर. तो ऐच्छिक आहे. नंबर नाही म्हणून उपचार अडवता येत नाही. आणखी एक गोंधळ प्रथम दूर करू : आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड एक नव्हे. आयुष्मान कार्ड पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचे संरक्षण देते. आभा एक पैसाही देत नाही, ती फक्त तुमच्या नोंदी एकत्र जोडण्याची खूण आहे. पाच लाख मिळतील म्हणून आभा काढलेले सभासद आम्हांला भेटले आहेत.

आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, की आभाची ही देवाणघेवाण ब्लॉकचेनवर चालत नाही. ती संमती आणि कुलूप या दोन खांबांवर उभी आहे. फाईल एका ठिकाणी दिल्लीला गोळा होत नाही, ज्या दवाखान्याने बनवली त्याच्याकडेच राहते. दुसऱ्या दवाखान्याला ती हवी असेल तर त्याची मागणी तुमच्या मोबाईलवर येते. तुम्ही होकार दिला, की तो होकार सहीशिक्क्यानिशी पहिल्या दवाखान्याला पोचतो आणि मग फाईल थेट एकाकडून दुसऱ्याकडे जाते. होकार पोचवणारा मधला निरोप्या फाईल वाचू शकत नाही. दर देवाणघेवाणीला दोन्ही टोके त्या वेळेपुरती नवी जोडकिल्ली तयार करतात आणि त्यातून त्या फेरीचे कुलूप बनते. वर डिफी-हेलमन यांचे नाव घेतले, त्यांचीच युक्ती येथे वापरलेली आहे.

मागणी आल्यावर होकाराचे बटण दाबण्याआधी ती वाचावी. कोण मागतो, कशासाठी मागतो, कोणते कागद मागतो, कोणत्या तारखांमधले मागतो, आणि किती दिवसांपर्यंत त्याला पाहायचे आहेत, एवढे सगळे तिच्यात लिहिलेले असते. गुडघा दाखवायला गेलात आणि दहा वर्षांचे सगळे कागद मागितले, तर तारखा आणि कागद कमी करून होकार देता येतो. दिलेला होकार मागे घेता येतो. मात्र तोपर्यंत समोरच्याने पाहिलेले त्याच्या डोळ्यांतून परत काढता येत नाही. दवाखान्याच्या दारात क्यूआर स्कॅन करून नंबर लावतात, त्यात मात्र नाव, वय, पत्ता असा वरवरचा मजकूर जातो, आजाराचे कागद जात नाहीत. त्याला घाबरण्याचे कारण नाही.

२०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. संमती मागे घेण्याचा हक्क त्यात आहे आणि माहितीची राखण नीट न करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा कागदावर चांगला दिसतो. तालुक्याच्या एखाद्या लॅबला तो कितपत पोचेल हे मात्र पाहावे लागेल.

आमच्या मते आपल्या भागातली खरी फट गणितात नाही, मोबाईल नंबरात आहे. आभाची किल्ली म्हणजे व्यवहारात तुमच्या मोबाईलवर येणारा ओटीपी. शिबिरात घाईघाईने कार्डे निघतात तेव्हा म्हाताऱ्या माणसाकडे फोन नसतो, म्हणून कुणी पुतण्याचा नंबर देतो, कुणी झेरॉक्सवाल्याचा. म्हणजे कुलूप उत्तम प्रतीचे आणि किल्ली झेरॉक्सच्या दुकानात. ऊसबिलाच्या बँक खात्याला आपण दुसऱ्याचा नंबर लावू का?

बायकांच्या बाबतीत तर हे अधिक अवघड आहे. आमच्या गटांत जी नोंदणी आम्ही पाहिली, तीत बहुतेक ठिकाणी सुनेच्या कार्डाला नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा नंबर होता. एखादीला आपली तपासणी घरात सांगायची नसेल, तर तिच्या फाईलचा होकार देणारा हात तिचा नाहीच. जगातले कोणतेही कुलूप किंवा साखळी याला इलाज करू शकत नाही. साधा फोन चालतो, नंबर तेवढा तिचा स्वतःचा असावा. महिला सभासदांनी हे मनावर घ्यावे, आणि घरच्या पुरुषांनी त्यात मानापमान आणू नये.

फोन करून "आभा बंद पडतेय, ओटीपी सांगा" म्हणणारा माणूस दवाखान्याचा नसतो. काटा पावतीवर कोऱ्या जागी सही मागणाऱ्याला तुम्ही जे उत्तर द्याल तेच त्याला द्यावे. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सरकारी नंबरवर कळवावे.

कागदी फाईल मात्र टाकून देऊ नका. एम्ससारख्या ठिकाणी जर हाताने केसपेपर लिहिण्याची वेळ येते, तर आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात इंटरनेट बंद पडणे ही नित्याचीच गोष्ट आहे. चालू गोळ्यांची नावे, ॲलर्जी आणि रक्तगट एका जाड कागदावर लिहून तो पेशंटच्या पाकिटात ठेवावा.

ज्यांनी आभा आधीच काढलेली आहे आणि नंबर दुसऱ्याचा लागलेला आहे, त्यांनी तो बदलून घ्यावा. ज्यांना नकोच वाटते त्यांना ती तात्पुरती बंद करता येते किंवा कायमची काढून टाकता येते. आणि ज्यांचे सिमकार्ड रिचार्जअभावी बंद पडले आहे त्यांनी तर हे काम आधी करावे, कारण कंपनीने बंद केलेला नंबर निदान नव्वद दिवस तसाच ठेवून मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला जातो, आणि त्यानंतर तुमचा ओटीपी त्याच्या फोनवर वाजतो.